पुसलेली फाईल कोठें जाते?

पाटीवरचें अक्षर ओल्या फडक्यानें पुसलें कीं तें गेलें, हें आमच्या प्रत्येक वाचकास बाळपणापासून ठाऊक आहे. संगणकावरील फाईल ‘डिलीट’ केली म्हणजे तीहि तशीच जाते, असा पुष्कळांचा समज असतो. कांहीं वर्षांपूर्वीं आमचाहि तसाच होता. हा समज कांहीं अंशीं खरा व कांहीं अंशीं खोटा आहे. त्यांतील खरें कोणतें व खोटें कोणतें हें नीट ठाऊक नसल्यामुळें आमच्या हातून एकदां एक चूक घडली, आणि तें समजून घेतल्यामुळेंच पुढें ती निस्तरतां आली. ती हकीकत सांगून, तिच्या अनुषंगानें लिनक्सवर फाईल पुसली म्हणजे नेमकें काय होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, असा या लेखाचा हेतु आहे.

पुणें येथील हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, ही गोष्ट आम्हीं एकदां वर्गांत सांगितली. ती ऐकून नववीच्या मुलामुलींस हुरूप आला. त्यांनीं देऊळघाट येथील वडीलधाऱ्या बायांच्या घरीं जाऊन त्यांच्या तोंडच्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्या सर्व फायली शाळेच्या संगणकावर एका फोल्डरांत ठेवण्यांत आल्या. त्यांत एका विद्यार्थिनीच्या आजीचा आवाज होता. पुढें कांहीं महिन्यांनीं त्या आजी वारल्या. दुःखाचे दिवस उलटल्यावर मुलीचे वडील शाळेंत आले व म्हणाले, “सर, मायचा आवाज तेवढा मोबाईलात टाकून द्या. घरचे सारे आयकाचं म्हनतात.”

आम्हीं संगणक उघडला. फोल्डर जागेवर नव्हता. कचरापेटी उघडली, तीहि रिकामी होती. तेव्हां आठवलें, कीं उन्हाळ्याच्या सुटींत डिस्क भरत आली म्हणून आम्हींच जुने फोल्डर झाडून काढिले होते. आणि तेहि माउसनें निवडून नव्हे, तर टर्मिनलाच्या काळ्या पडद्यावर एक लहानशी आज्ञा लिहून. ओव्यांची प्रत दुसरीकडे असेलच, असें आम्हीं गृहीत धरिलें होतें. ती कोठेंहि नव्हती. त्या गृहस्थांस काय उत्तर द्यावें हें आम्हांस सुचेना. “चार दिवसांनीं या,” एवढेंच आम्हीं म्हणालों.

येथें थोडें थांबून लिनक्सविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. लिनक्स ही संगणक चालविणारी मूळ प्रणाली होय. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं तिचा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला करून दिला. तेव्हांपासून जगांतील हजारों लोकांनीं तींत भर घातली आहे. आपल्याकडे १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ नांवाची लिनक्सची भारतीय आवृत्ति तयार केली असून तींत मराठीहि चालते. मुंबईच्या आय. आय. टी. संस्थेनें ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतूनहि उपलब्ध करून दिले आहेत. पैसे मोजून विकत घ्यावी लागत नसल्यामुळें ही प्रणाली शाळांस सोयीची पडते. आमच्या शाळेचा संगणकहि तिच्यावरच चालतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. फाईल पुसणें म्हणजे काय हें कळण्यास, फाईल ठेवणें म्हणजे काय हें आधीं कळलें पाहिजे. शेतकऱ्यांच्या मुलांस यासाठीं सातबाऱ्याचें उदाहरण पुरेसें आहे. शेत जागच्या जागीं असतें. त्यास एक गट क्रमांक असतो. आणि त्या क्रमांकाशीं खातेदाराचें नांव जोडणारी नोंद तलाठ्याच्या दप्तरीं असते. डिस्कवरहि अशाच तीन गोष्टी आहेत. फाईलींतील मजकूर हें शेत. त्या शेताचा जो क्रमांक त्यास ‘आयनोड’ असें म्हणतात. प्रत्येक आयनोडाचा एक लहानसा तक्ता असून, मजकूर डिस्कच्या कोणत्या भागांत पडला आहे, तो किती मोठा आहे, कोणाच्या मालकीचा आहे, हें सर्व त्यांत लिहिलेलें असतें. मात्र फाईलीचें नांव त्या तक्त्यांत नसतें. तें फोल्डरांत असतें. फोल्डर म्हणजे वस्तु भरून ठेवण्याची पेटी, असें चित्रावरून वाटतें. वस्तुतः ती एक यादी आहे, आणि ‘अमुक नांव, अमुक क्रमांक’ अशा नोंदी त्या यादींत असतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. एकाच शेतास जशीं दोन भावांचीं नांवें लागतात, तशीं एकाच आयनोडास दोन नांवें लागूं शकतात, ही पहिली. किती नांवें लागलीं आहेत याचा आंकडा त्या तक्त्यांतच लिहिलेला असतो. दुसरी गोष्ट अशी, कीं फाईल कायमची पुसण्याची आज्ञा झाली तरी लिनक्स मजकुरास हात लावीत नाहीं. ती यादींतील नांव तेवढें खोडते व तक्त्यांतील आंकडा एकानें कमी करिते. आंकडा शून्यावर आला, आणि कोणताहि प्रोग्राम ती फाईल उघडून बसलेला नसला, म्हणजे मगच ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. परंतु जमीन मोकळी ठरली म्हणून तींतील पीक त्याच क्षणीं नाहींसें होत नाहीं. दुसरा कोणी येऊन नांगर घालीपर्यंत तें उभें असतें. पाटी व संगणक यांत हा मोठा भेद आहे. पाटीवर अक्षर पुसतात. संगणकावर नांव खोडतात.

लिनक्स ही ज्या ‘युनिक्स’ प्रणालीच्या वळणावर घडली, तिची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. फाईल काढून टाकण्याची ‘आरएम’ ही आज्ञा त्या पुस्तिकेंत आहे, व ती आजहि चालते. ‘काढून टाक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें तें लघुरूप होय. ही आज्ञा दिली असतां सहसा ‘खरोखर काढूं काय?’ असें कोणी विचारीत नाहीं. नांव खोडलें जातें, आणि कचरापेटींत कांहींहि जात नाहीं. आम्हीं सुटींत दिलेली आज्ञा हीच होती, आणि कचरापेटी रिकामी कां होती, याचेंहि कारण हेंच.

मग कचरापेटी ही काय वस्तु आहे? मनुष्य चुकतो, हें ओळखून केलेली ती सोय आहे. १९८३ सालच्या ‘ॲपल’ कंपनीच्या ‘लिसा’ संगणकावर कागदाच्या टोपलीचें चित्र होतें, १९८४ सालीं तिच्याच ‘मॅकिंटॉश’वर तशी सोय आली, आणि १९९५ सालच्या ‘विंडोज’मध्यें ‘रिसायकल बिन’ आली. लिनक्सची गोष्ट जरा निराळी. तिचा पडदा सजविणाऱ्या ‘नोम’, ‘केडीई’ इत्यादि अनेक मांडण्या आहेत. प्रत्येकीनें आपली पेटी निराळ्या रीतीनें ठेविली, तर एकींत टाकलेली फाईल दुसरींत दिसावयाची नाहीं. म्हणून २००४ सालीं सर्वांसाठीं एक समान नियमपत्रक लिहिण्यांत आलें, आणि आज या मुख्य मांडण्या त्यास धरून चालतात.

तो नियम समजण्यास सोपा आहे. प्रत्येक वापरणाराच्या घरच्या फोल्डरांत ‘.लोकल’ नांवाचा, त्यांत ‘शेअर’ व त्यांत ‘ट्रॅश’ नांवाचा फोल्डर असतो. ज्याच्या नांवारंभीं टिंब असतें, असा फोल्डर लिनक्स सहसा दाखवीत नाहीं. म्हणून तो आपल्या दृष्टीस पडत नाहीं. या ‘ट्रॅश’मध्यें दोन खोल्या आहेत. एकीचें नांव ‘फाइल्स’. तींत टाकलेल्या फायली जशाच्या तशा असतात. दुसरीचें नांव ‘इन्फो’. तींत प्रत्येक फाईलीमागें एक लहानशी चिठ्ठी असते. फाईल मूळची कोठें होती हें चिठ्ठीच्या एका ओळींत असतें, आणि ती कोणत्या दिवशीं, किती वाजतां टाकली हें दुसऱ्या ओळींत असतें. आपण ‘परत ठेवा’ असें सांगितलें म्हणजे संगणक ही चिठ्ठी वाचितो, फाईल मूळ ठिकाणीं नेऊन ठेवितो, व चिठ्ठी काढून टाकितो. एकाच नांवाच्या दोन फायली टाकल्या, तर एकीच्या नांवास आंकडा जोडला जातो; खरें नांव चिठ्ठींत सुरक्षित असतें.

जिज्ञासु विद्यार्थ्यांनीं अशी चिठ्ठी उघडून पाहिली, तर त्यांस एक मौज दिसेल. मराठी नांवाच्या फाईलीचा ठावठिकाणा तेथें मराठींत नसून, टक्क्याचें चिन्ह व त्यापुढें दोन अंक-अक्षरें अशा जोड्यांची लांबलचक माळ असते. चिठ्ठींत साधींच रोमन अक्षरें असावींत, असा नियम असल्यामुळें तसें होतें. संगणकाच्या सध्यांच्या रीतीप्रमाणें देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें असतें, आणि प्रत्येक बाइटास तीन खुणा लागतात. ‘निकाल’ या शब्दांत व्यंजनें व मात्रा मिळून पांच चिन्हें आहेत. तेव्हां त्या चिठ्ठींत तो शब्द पंचेचाळीस खुणांचा होतो! ही माळ पाहून फाईल बिघडली, असें कोणी समजूं नये.

कचरापेटींत टाकणें म्हणजे पुसणें नव्हे, हें आतां उघड झालें. सातबाऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर, नोंद एका पानावरून काढून दुसऱ्या पानावर केली, एवढेंच. शेत हाललें नाहीं. म्हणूनच केवढी मोठी फाईल असली तरी ती क्षणांत पेटींत जाते. आणि म्हणूनच डिस्क भरली असतां फायली पेटींत टाकून तसूभरहि जागा होत नाहीं. पेटी रिकामी करावी लागते. पेटी रिकामी करितेवेळीं, किंवा ‘शिफ्ट’ व ‘डिलीट’ या दोन कळा एकदम दाबिल्या असतां, तें खरें नांव खोडणें घडतें.

परंतु नोंद एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणें हें त्याच दप्तरांत होऊं शकतें. पेनड्राइव्हचें दप्तर निराळें. त्यावरची फाईल संगणकाच्या घरच्या पेटींत न्यावयाची, तर सगळा मजकूर उचलून नकलावा लागेल, व त्यास वेळ लागेल. म्हणून नियमपत्रकांत अशी योजना आहे, कीं पेनड्राइव्हची कचरापेटी पेनड्राइव्हवरच असावी. तिचें नांव बहुधा ‘.ट्रॅश-१०००’ असें असतें. त्यांतील आंकडा हा वापरणाराचा क्रमांक असून, पुष्कळ लिनक्स आवृत्त्यांत पहिल्या साध्या वापरणारास १००० हाच क्रमांक मिळतो. याहि नांवारंभीं टिंब असल्यामुळें हा फोल्डर सहसा दिसत नाहीं. पेनड्राइव्ह काढून घेतला म्हणजे त्याची कचरापेटीहि त्याच्याबरोबर जाते, आणि पुन्हां लाविला म्हणजे ती परत येते.

ही गोष्ट आम्हांस त्या चार दिवसांतच कळली, आणि ती अशी. त्याच वर्गाचा एक विद्यार्थी आपला पेनड्राइव्ह घेऊन आला. त्याची तक्रार अशी, कीं आंत एकहि फाईल दिसत नसतां त्यांत नवी फाईल मावत नाहीं. आम्हीं तो शाळेच्या संगणकास लाविला. पाहतों तों, इतका वेळ रिकामी दिसणारी कचरापेटी भरलेली दिसूं लागली. उघडून पाहिली, तर तींत कांहीं सिनेमे, कांहीं गाणीं, आणि त्यांच्या खालीं आमच्या ओव्यांच्या फायली! घरीं ऐकाव्या म्हणून त्या मुलानें कधीं काळीं त्या नेल्या होत्या, व पुढें जागा हवी म्हणून थोरल्या भावाच्या लॅपटॉपवर त्यानें त्या पुसल्या होत्या. तो लॅपटॉपहि लिनक्सचाच होता. “म्या त ह्या कवाच पुसल्या व्हत्या, सर!” असें म्हणून तो आश्चर्यानें पाहतच राहिला. आम्हीं आजींच्या नांवाची फाईल निवडून ‘परत ठेवा’ म्हटलें. ती पेनड्राइव्हवर आपल्या मूळ जागीं आली, व आम्हीं लागलींच तिची नक्कल करून घेतली.

ही फाईल पेनड्राइव्हवर सांपडली नसती, तर शाळेच्या संगणकांतून ती काढतां आली असती काय? बहुधा नाहीं. ज्या जागेचें नांव खोडलें गेलें, तेथील मजकूर त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत उरतो, हें खरें. आणि ‘फोटोरेक’ नांवाचें एक मोफत साधन फाईलीच्या आरंभींच्या खुणेवरून असा मजकूर धुंडाळून काढितें. पण त्यास फाईलीचें नांव सांपडत नाहीं. शिवाय लिनक्सवर नेहमीं वापरण्यांत येणाऱ्या ‘एक्स्ट-४’ या रचनेंत, फाईल पुसतांना मजकुराच्या जागा दाखविणारी आयनोडांतील नोंदहि काढून टाकिली जाते. तेव्हां शोध अवघड होतो. आणि डिस्क ‘एसएसडी’ या नव्या जातीची असल्यास आशा जवळजवळ नसतेच. कारण कोणत्या जागा मोकळ्या झाल्या हें लिनक्स तिला वेळोवेळीं, पुष्कळ आवृत्त्यांत आठवड्यांतून एकदां, कळविते. मग ती डिस्क त्या जागा स्वतःच साफ करून ठेविते. शाळेची डिस्क याच जातीची, आणि सुटी होऊन महिने लोटलेले. तेथें नांगर केव्हांच फिरला होता.

अशा चुका लहान शाळेंतच होतात, असें नाहीं. १९९८ सालीं अमेरिकेंतील ‘पिक्सार’ या कंपनींत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असतां, कोणीतरी याच जातीची आज्ञा दिल्यामुळें त्याच्या फायली भराभर नाहींशा होऊं लागल्या. राखीव प्रती पाहूं गेले, तों त्याहि नीट घेतल्या जात नव्हत्या, असें आढळलें. त्या कामावरील अधिकारी गेलिन सुसमन या तान्ह्या बाळामुळें घरूनहि काम करीत असत, व त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. ती प्रत मिळाली म्हणून काम वांचलें. १९९९ सालीं तो चित्रपट प्रसिद्ध झाला. तेथें घरची प्रत उपयोगीं पडली. येथें एका मुलाच्या पेनड्राइव्हची कचरापेटी उपयोगीं पडली. दोन्हीं ठिकाणीं वांचविलें तें दैवानें, व्यवस्थेनें नव्हे. आणि दैवावर दुसऱ्यांदा भरंवसा ठेवूं नये.

याच गोष्टीची दुसरी बाजू पालकांनीं लक्षांत घ्यावी. जी सोय हरवलेलें परत देते, तीच झांकलेलें उघडें पाडते. परीक्षेचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरतांना आधारकार्ड, बँकेचें पासबुक, जातीचा दाखला यांच्या प्रती आपण पेनड्राइव्हवर घालून दुकानांत नेतों, व काम झाल्यावर ‘पुसून टाकल्या’ म्हणून निश्चिंत होतों. त्या पेनड्राइव्हच्याच कचरापेटींत राहिल्या असल्या, तर पुढें तो ज्याच्या हातीं जाईल त्यास वाचतां येतील. दुकानाच्या संगणकावर उतरविलेली प्रत तेथील कचरापेटींत राहते, ती निराळीच. म्हणून पेनड्राइव्ह कोणास देण्यापूर्वीं, तो लाविलेला असतांनाच कचरापेटी रिकामी करावी. ‘नोम’च्या फायलींच्या खिडकींत ‘कंट्रोल’ व ‘एच’ या कळा दाबिल्या म्हणजे टिंबाचे फोल्डर दिसूं लागतात; आंत कांहीं राहिलें नाहीं ना, हें त्या रीतीनें पाहून घ्यावें.

विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. फाईल चुकून गेली, तर घाबरून दहा कळा दाबूं नयेत. प्रथम कचरापेटी पाहावी, आणि फाईल पेनड्राइव्हवरची असल्यास तो लावून मग पाहावी. पेटींतहि नसेल, तर त्या डिस्कवर नवीन कांहीं लिहूं नये, व जाणत्यास दाखवावी. टर्मिनल वापरणारांनीं ‘ट्रॅश-क्लाय’ हें साधन बसवून घ्यावें. मग ‘आरएम’ऐवजीं ‘ट्रॅश-पुट’ लिहिलें असतां फाईल पेटींत जाते, आणि ‘ट्रॅश-रिस्टोर’नें परत येते. आणि मुख्य गोष्ट ही, कीं कचरापेटी म्हणजे राखीव प्रत नव्हे. जें पुन्हां मिळणार नाहीं, त्याच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणीं असाव्या; एक संगणकावर, एक निराळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरीं.

चौथ्या दिवशीं ते गृहस्थ आले. आम्हीं त्यांस प्रथम आपली चूक सांगितली, व मग ध्वनिमुद्रण लाविलें. जात्याची घरघर ऐकूं येऊं लागली, आणि तिच्यावर आजींचा आवाज. ते उभेच होते, ते खालीं बसले. संपेपर्यंत खोलींत कोणी बोललें नाहीं. त्या ओव्यांची एक प्रत आज शाळेंत आहे, एक शाळेबाहेर निराळ्या डिस्कवर आहे, आणि एक त्यांच्या घरीं आहे. तो पेनड्राइव्ह मात्र आम्हीं त्या विद्यार्थ्यास, त्याची कचरापेटी त्याच्यादेखत रिकामी करून, परत दिला.